इंदूरने आता रक्तदाब मोजावा

इंदुरात सध्या घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबचा सुकाळ आहे. सकाळी सातला मुलगा दारात उभा, दोन-तीन नळ्या रक्त घेतो आणि संध्याकाळी मोबाइलवर लांबलचक अहवाल येऊन पडतो. थायरॉइड, ड जीवनसत्त्व, बी-बारा, यकृत, मूत्रपिंड, लोह, सगळे त्यात असते. नसतो तो रक्तदाब. तो नळीत भरून नेता येत नाही. त्यासाठी माणसाला पाच मिनिटे खुर्चीत स्वस्थ बसवावे लागते, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर, तोंड बंद. एवढी सवड पॅकेजात कुठली? हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात या दोहोंमागचे टाळता येण्याजोगे सर्वांत मोठे कारण असे यादीतून निसटते, आणि घरातले कर्ते गृहस्थ 'सगळं नॉर्मल आलंय' म्हणत छप्पन दुकानवर पोहे-जिलेबी खायला निघतात.

पोहे-जिलेबीशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते हृदयविकाराच्या धोक्याकडे आपण ज्या नजरेने बघतो तिच्याशी. एक तर तो विकत घ्यायच्या चाचण्यांचा विषय, नाहीतर ज्याच्या त्याच्या संयमाचा. खाण्यावर ताबा नव्हता, फिरायला जात नव्हता, टेन्शन फार घ्यायचा, असा गल्लीचा निकाल झटक्याच्या दुसऱ्या दिवशी तयार असतो. मला वाटते हा विषय घरातून उचलून महापालिकेच्या वॉर्डात नेला पाहिजे. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांचा हिशेब ठेवणे हे कचरा उचलण्याइतकेच सार्वजनिक काम आहे, आणि ते अंगावर घ्यायची ऐपत आज देशात कोणत्या शहरात असेल तर ती इंदुरात आहे.

या शास्त्राची सुरुवातच मुळी एका गावापासून झाली. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट एप्रिल १९४५ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा रक्तदाब ३००/१९० नोंदला गेला होता. आधीची कित्येक वर्षे तो चढतच होता. वय वाढले की दाब वाढायचाच, अशी त्या काळच्या बहुतेक डॉक्टरांचीही समजूत होती. मग १९४८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम या गावातल्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंद करून संशोधक वाट बघत बसले. ठराविक काळाने या सगळ्यांना बोलवायचे, मोजायचे आणि पुढे कोणाचे काय होते ते लिहून ठेवायचे. 'जोखीम घटक' ही आज आपण सहज वापरतो ती कल्पना त्याच कामातून १९६१ च्या एका निबंधात आली. झटका एका क्षणी येतो, पण त्याची तयारी वीस-तीस वर्षे चाललेली असते आणि ती मोजता येते, हे त्या गावाने दाखवले. मोजणारा डॉक्टर तेवढा हुशार होता म्हणून नव्हे, तर गावाने वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा येऊन बाही वर केली म्हणून.

आपल्याकडे मात्र अजून दोन शब्दांवर काम भागते, 'खानदानी' आणि 'टेन्शन'. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही सोयीचेही आहेत, कारण ते उच्चारले की पुढे काही करावे लागत नाही. डॉ. सलीम यूसुफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात पहिल्या झटक्याच्या जोखमीचा सुमारे नव्वद टक्के भाग नऊ गोष्टींशी जोडता आला. तंबाखू, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांची कमतरता, मद्य आणि व्यायामाचा अभाव. ताण त्या यादीत आहेच, पण नवांपैकी एक म्हणून. त्याच माहितीतून हेही दिसले की दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका साधारण त्रेपन्नाव्या वर्षी येतो, इतरांना एकोणसाठाव्या. सहा वर्षांचा हा फरक कागदावर लहान दिसतो. घराचे हप्ते, मुलाची फी आणि म्हाताऱ्या आईवडिलांची औषधे एकाच वेळी अंगावर असतात ती हीच वर्षे.

आनुवंशिकतेबद्दल एक गोष्ट खरी आहे. लायपोप्रोटीन-ए नावाचा, हृदयविकाराचा धोका वाढवणारा एक घटक रक्तात किती असणार हे जवळजवळ जन्मतःच ठरते. भारतीय हृदयरोग संघटनेने २०२४ च्या आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत ही तपासणी आयुष्यात एकदा तरी करावी असे सांगितले आहे. पण तो जास्त निघाला तर करायचे काय? बाकीचे सगळे घटक अधिक कडकपणे आवरायचे. 'खानदानी' हे उत्तर शेवटी पुन्हा मोजपट्टीपाशीच येऊन थांबते.

आणि 'आमचा तर सडपातळ आहे' या समाधानाचे काय करायचे? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एक, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. वजनकाट्यावर नीट दिसणारा मराठी माणूस आतून कसा असतो, हे यापेक्षा प्रामाणिकपणे कोणी सांगितलेले नाही. म्हणून काट्यापेक्षा कमरेला गुंडाळायची टेप आपल्या जास्त कामाची. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की लक्ष द्यायचे.

हल्ली गरबा खेळताना किंवा वरातीत नाचताना कोसळणाऱ्या तरुणांच्या क्लिपा फिरतात आणि खाली हमखास 'लसीमुळे' असे लिहिलेले असते. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातल्या ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या अशा अचानक मृत्यूंचा अभ्यास केला. कोविडच्या लसीने धोका वाढल्याचे दिसले नाही. दिसले ते असे की पूर्वी कोविडसाठी रुग्णालयात राहावे लागणे, घरात अचानक मृत्यूचा इतिहास, आदल्या दोन दिवसांत बेसुमार दारू आणि एकदम जोरकस शारीरिक श्रम, यांच्याशी अशा मृत्यूंचा संबंध होता. घरचे म्हणतात, 'त्याला काहीच नव्हतं हो.' बऱ्याचदा या वाक्याचा अर्थ इतकाच असतो की कोणी कधी मोजले नव्हते.

रक्तदाब दुखत नाही, हीच त्याची सगळी गोम. चाळिशी ते सत्तरीच्या लाखो माणसांच्या माहितीवरून असे दिसते की ११५/७५ च्या पुढे वरचा आकडा दर वीसने चढला की हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने मरण्याचा धोका दुप्पट होतो. म्हणजे १५५ घेऊन आरामात स्कूटर चालवणाऱ्या माणसाचा धोका ११५ वाल्याच्या चौपट, आणि त्याला साधे डोकेही दुखत नाही. पुन्हा हे प्रकरण हृदयापुरते नाही. रक्ताची तीच नळी मेंदूत जाते, मूत्रपिंडात जाते, डोळ्यांत जाते, पायांत जाते. चालताना पोटरी भरून येते आणि थांबले की बरी वाटते, असे म्हणणाऱ्या तंबाखूवाल्या माणसाला आपण 'वय झालं' म्हणून तेल लावायला सांगतो. त्याच्या पायाची रक्तवाहिनी आकसलेली असू शकते, आणि पायाची आकसली असेल तर हृदयाचीही बघायला हवी.

आता शिबिरांबद्दल. लोकमान्यनगर असो, राजेंद्रनगर असो की सुदामानगर, गणेशोत्सवात आरोग्य शिबिर होतेच. बॅनर लागतो, प्रमुख पाहुणे येतात, लांब रांगेत उभे राहून, चहा पिऊन, गप्पा मारत मारत लोक दंड पुढे करतात. एखाद्याचा १६०/१०० येतो. त्याला चिठ्ठी मिळते, 'डॉक्टरांना दाखवा.' चिठ्ठी खिशात जाते, सदरा धुवायला जातो, विषय संपतो. पुढच्या वर्षी पुन्हा शिबिर, पुन्हा तीच चिठ्ठी. मंडळांच्या सद्भावनेबद्दल मला शंका नाही, पण शिबिरात जे मोजले जाते त्याचा मालक कोणी नसतो, आणि बेवारस आकड्याने कोणाचा जीव वाचत नाही.

याला उत्तर आपल्याच देशात सापडले आहे आणि आपले राज्य त्यात पहिल्या पाचांत होते. २०१७ च्या अखेरीस 'भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम' सुरू झाला, तेव्हा पंजाब, केरळ, महाराष्ट्र, तेलंगण यांच्याबरोबर मध्य प्रदेशातलेही काही जिल्हे निवडले होते. त्यात चमकदार असे काहीच नव्हते. औषधांचा एकच ठरलेला क्रम, ज्याची सुरुवात बहुतेक ठिकाणी ॲमलोडिपिनच्या साध्या गोळीने. गोळ्या महिन्याभराच्या एकदम, फुकट आणि घराजवळच्या केंद्रात. मोजमाप नर्सकडे, त्यासाठी डॉक्टरची वाट बघायची नाही. प्रत्येक रुग्णाचे कार्ड, आणि तारखेला जो आला नाही त्याला फोन. दर तिमाहीला एकच प्रश्न विचारायचा, नोंदलेल्यांपैकी किती जणांचा दाब १४०/९० च्या खाली आहे? उपचारावर असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचा दाब आटोक्यात आला आणि २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या गटाने या कामाला पुरस्कार दिला. ज्या देशात निम्म्यांना आपल्याला दाब आहे हेच माहीत नसते, तिथे हे लहान काम नाही.

यातली फोनची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. जो आला नाही त्याला विचारणारे कोणीतरी असणे. इंदुरात कचऱ्याचे नेमके हेच झाले होते. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर वर्षामागून वर्षे पहिले आले, ते भिंतींवर सुविचार रंगवून नव्हे. गाडी रोज दारात आली, ओला-सुका वेगळा नसेल तर ती परत गेली, दंड झाला, आणि ८५ वॉर्डांपैकी प्रत्येकाला कोणीतरी जबाबदार माणूस होता. कुठल्या वॉर्डाची काय स्थिती आहे हे लपून राहत नव्हते. इंदुरी माणूस मूळचा स्वच्छ होता असे कोणी सांगितले तर जुने रहिवासी हसतील. सवय नंतर आली, व्यवस्था आधी.

मग वॉर्डवार रक्तदाबाचा तक्ता का लागू नये? तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची तपासणी व्हावी असे राष्ट्रीय कार्यक्रमात आहेच. आशा कार्यकर्त्या घरोघर फॉर्म भरतात, संजीवनी क्लिनिके उघडली आहेत. नाही तो शहराला समजेल असा आकडा. अमुक वॉर्डात इतके रुग्ण नोंदले, इतक्यांचा दाब आटोक्यात, इतके गेले तीन महिने फिरकले नाहीत. एवढा आकडा, नावे न सांगता, दर तिमाहीला वॉर्ड कार्यालयाबाहेर लावा. पहिल्या क्रमांकाची चटक लागलेले शहर आहे हे, पुढचे आपोआप होईल.

पैशांचा मुद्दा येईल. तो यावाच. २०१८ पासून आयुष्मान योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत रुग्णालयाचा खर्च मिळतो, आणि २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना. चांगलेच आहे. पण त्या कार्डावर खाट मिळते, रक्तवाहिनी उघडी ठेवणारा स्टेंट मिळतो. झटका येऊ नये म्हणून रोज घ्यायची गोळी त्या कार्डावर मिळत नाही. ती सरकारी दवाखान्यात मिळायची आणि तिथे ती संपलेली असली की माणूस आठवडाभर थांबतो, मग सोडून देतो. जनऔषधी केंद्रात ॲमलोडिपिनची दहा गोळ्यांची पट्टी चहाच्या कटाएवढ्या पैशांत येते. जे राज्य लाखाची शस्त्रक्रिया देऊ शकते त्याला ही पट्टी अखंड पुरवता येत नसेल तर अडचण पैशांची म्हणता येणार नाही.

स्टेंटबद्दलही एकदा स्पष्ट बोलले पाहिजे. ऐन झटक्यात बंद पडलेली रक्तवाहिनी वेळेत उघडणे जीव वाचवते, तिथे दुमत नाही. छातीत कळ आली की बाकी सगळे सोडून रुग्णालय गाठायचे. पण स्थिर आजारात, म्हणजे चढ चढताना ठराविक छाती भरून येणाऱ्या माणसात, गोष्ट वेगळी आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३७ देशांतल्या पाच हजारांवर रुग्णांच्या 'इस्केमिया' चाचणीत नीट औषधे घेणाऱ्यांच्या तुलनेत आधीच स्टेंट किंवा बायपास केलेल्यांत मृत्यू किंवा झटके कमी झाल्याचे दिसले नाही. छातीची कळ कमी झाली, हे मात्र दिसले, आणि तेही काही कमी नाही. तरी आपल्या समाजात 'दोन स्टेंट टाकले' हे वाक्य काम फत्ते झाल्यासारखे सांगितले जाते, आणि सांगणारा कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी मध्येच बंद करून बसलेला असतो.

मिठाकडे वळतो, कारण इथे इंदूरची खरी परीक्षा आहे. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, भारतीय माणूस त्याच्या दुपटीच्या आसपास खातो. आपल्याकडे पोह्यांवर शेव, शेवेवर जिरावन मसाला, दुपारी वरणावर पुन्हा शेव, चार वाजता शेव-परमल. मराठी घरात याच्या जोडीला ताटाची डावी बाजू असते, लोणचे, पापड, चटणी आणि वर वाढलेले मीठ. हे सगळे सोडा असे सांगणारा डॉक्टर घरी जाऊन तेच खातो, म्हणून तो उपदेश कोणाला लागत नाही. ब्रिटनने उपदेशाऐवजी कारखान्यांशी बोलणी केली. पाव आणि तयार पदार्थांतले मीठ दरवर्षी थोडेथोडे उतरवत नेले आणि दहा-अकरा वर्षांत माणशी दिवसाची सरासरी ९.५ ग्रॅमवरून ८.१ वर आली. इंदूरचा नमकीन उद्योग एकमेकांना ओळखणाऱ्या लोकांचा आहे. पाच वर्षांत शेवेतले मीठ एक पंचमांश कमी, दरवर्षी जिभेला कळणार नाही एवढे, असे त्यांनी एकत्र बसून ठरवले तर एकट्या दुकानदाराला गिऱ्हाईक गमावण्याची भीती राहत नाही. तेलाच्या बाबतीत हे झालेले आहे. २०२२ पासून तेल-वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आली, आणि कचोरीची चव गेली अशी ओरड मी तरी ऐकलेली नाही.

पोटॅशियम मिसळलेल्या मिठाचाही विचार व्हावा. चीनमधल्या ६०० खेड्यांत साध्या मिठाऐवजी ते दिले तेव्हा पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आणि काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, ही अट मात्र पाकिटावर मोठ्या अक्षरात हवी.

तंबाखूची कथा लाजिरवाणी आहे. गुटख्यावर बंदी घालणारे देशातले पहिले राज्य मध्य प्रदेश, तारीख १ एप्रिल २०१२. आज पानाच्या टपरीवर एक पुडी पानमसाल्याची आणि दुसरी तंबाखूची जोडीने मिळते, गिऱ्हाईक तळहातावर त्यांचे लग्न लावतो. बंदी कागदावर शाबूत. विडी-सिगारेट सोडल्यावर एका वर्षात हृदयविकाराचा जादा धोका जवळपास निम्म्यावर येतो. एवढा झटपट परतावा देणारे दुसरे काही मला माहीत नाही. तरीही सोडू इच्छिणाऱ्याला हात धरून नेणारे माणूस वॉर्डात नसते.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप मला गंभीर वाटतो. अशाने अख्खे शहर रुग्ण होईल, धडधाकट माणसांच्या हातात गोळ्या पडतील. भीती रास्त आहे. म्हणून एका मोजणीवर गोळी नाही, हा नियम पहिला. वेगवेगळ्या दिवशी दोन-तीनदा मोजा, घाबरून वाढलेला दाब त्यात वेगळा पडतो. पस्तिशीतल्या निर्व्यसनी माणसाचा १३५ आणि साठीतल्या मधुमेही विडीवाल्याचा १३५ हे एकच आकडे नाहीत. पहिल्याला चालायला लावा, दुसऱ्याला डॉक्टरकडे न्या. न मोजल्याने रुग्ण कमी होत नाहीत, ते फक्त थेट आयसीयूत भेटतात.

बायकांचा प्रश्न वेगळा काढावा लागतो, कारण मोजणीला त्या सर्वांत शेवटी येतात. गरोदरपणात दाब चढलेला असला तर पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट राहतो, पण बाळंतपण आटोपले की ती फाइल माळ्यावर जाते. पन्नाशीत तिला धाप लागली, जबडा दुखला, घाम आला, की घर म्हणते 'ॲसिडिटी'. वॉर्डाच्या नोंदवहीत गरोदरपणातल्या दाबाचा रकाना असावा आणि त्या बाईला दरवर्षी बोलावणे जावे, तिने आठवण ठेवण्याची वाट न पाहता.

सुरुवात कोणापासून करावी, याबद्दलही माझे मत आहे. सफाई मित्रांपासून. पहाटे रस्ता झाडून या शहराला पहिला क्रमांक मिळवून देणारी ही माणसे महापालिकेच्या हजेरीपटावर आहेत. त्यांना शोधायला सर्वेक्षण लागत नाही. हजेरीच्या जागीच यंत्र ठेवा, गोळ्या तिथेच द्या, तंबाखू सोडायची मदत तिथेच. त्यानंतर सराफ्याकडे वळा. दिवसा सोन्याच्या आणि रात्री खाण्याच्या त्या गल्लीत कढईपाशी मध्यरात्रीनंतरपर्यंत उभा राहणारा कारागीर कचेरीच्या वेळेत उघडणाऱ्या क्लिनिकात येणार नाही, कारण तेव्हा तो झोपलेला असतो. त्याच्यासाठी टेबल रात्री नऊला सराफ्याच्या तोंडाशी मांडावे लागेल, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. दोन नर्स, दोन यंत्रे, एक नोंदवही आणि महिनाभराच्या गोळ्या. ८५ वॉर्डांच्या अंदाजपत्रकात एवढे बसत नसेल, तर का बसत नाही ते नगरसेवकांनी सभागृहात उभे राहून सांगावे.